बूट उतारावर कळतो: सह्याद्रीत लांब चालणाऱ्या नवख्यांसाठी

जून लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "पन्हाळा ते पावनखिंड करायचंय. बूट कुठल्या कंपनीचे घेऊ?" मी विचारतो, "तुझ्या पायाची लांबी किती?" पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "मला आठ नंबर लागतो." पण आठ नंबर हे पायाचं माप नाही, बुटाचं आहे. त्यातही एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठाशी जुळेलच असं नाही.

हा लेख रविवारी सकाळी सिंहगड करून भजी खाऊन परतणाऱ्यांसाठी नाही. त्याला कुठलेही धड बूट चालतात. डोक्यावर दह्याचं ओझं घेऊन गड चढणाऱ्या मावश्या वर्षानुवर्षं साध्या चपलेत ये-जा करतात. ज्यांना पाठीवर सॅक घेऊन दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर आणि तेही लागोपाठ दोन-तीन दिवस चालायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. राजगड-तोरणा, रतनगड-हरिश्चंद्रगड किंवा पन्हाळा-विशाळगड, असे ट्रेक.

आधी माझी चूक सांगतो. माझा पहिला मोठा ट्रेक राजगड-तोरणा. बूट महागातले घेतले होते आणि दुकानात पायात अगदी हातमोज्यासारखे बसले होते. गुंजवण्यातून राजगड चढताना मी सगळ्यांना बूट दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना मात्र प्रत्येक पावलाला अंगठे पुढच्या भिंतीवर आपटायला लागले. अर्ध्या उतारापासून मी आडवा-तिडवा, खेकड्यासारखा उतरत होतो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि त्यातलं एक महिन्याभरात गळूनच आलं. बुटात खोट नव्हती. मी तो सपाट फरशीवर उभा राहून घेतला होता, एवढंच.

पहिली पायरी: पाय मोजा, आणि संध्याकाळी मोजा

दिवसभर उभं राहून, चालून पाय सुजतो. सॅक घेऊन आठ तास चालल्यावर आणखी सुजतो. सकाळी अंघोळ करून मोजलेला पाय आणि ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बुटात असलेला पाय, हे जवळजवळ दोन वेगळे पाय आहेत. आपल्याला दुसऱ्यासाठी बूट घ्यायचाय. म्हणून तासभर फिरून या, ट्रेकला घालणार तेच मोजे घाला आणि मगच मोजा.

भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला लावून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पायाची कड काढून घ्या, कारण स्वतः वाकलात की भार सरकतो आणि माप चुकतं. आता टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं आणि उतारावर पहिला मार तेच खातं. पंज्याची सगळ्यात रुंद जागाही मोजून ठेवा. हे सगळं दोन्ही पायांचं करायचं. सहसा एक पाय थोडा मोठा निघतो, आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. धाकट्याला जाड मोजा किंवा जादा इनसोल (बुटातला सुटा, मऊ आतला तळ) देता येतो, थोरल्याला काही देता येत नाही.

आकड्यांचा घोळही एकदा समजून घेतलेला बरा. आपल्याकडचे सहा, सात, आठ हे बहुतेक करून ब्रिटिश नंबर असतात. त्यात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते. बेचाळीस-त्रेचाळीस हे युरोपी नंबर असतात आणि तिथली एक पायरी पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. पुरुषांच्या बुटांत अमेरिकन नंबर ब्रिटिश नंबरपेक्षा साधारण एकाने जास्त असतो. ऑनलाइन मागवताना अमेरिकन तक्ता बघून ब्रिटिश नंबर टिचकवला, की पार्सल हमखास चुकीचं येतं. तुमचा पाय दोन नंबरांच्या मध्ये पडत असेल तर वरचा घ्या.

लांबीपेक्षा आपल्याकडे जास्त छळते ती रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्रीडी यंत्राने मोजले. त्यातून दिसलं की आपला पाय युरोपी-अमेरिकी मापांच्या मानाने रुंद असतो. त्यावरून भारतीय पायांसाठी 'भ' नावाची वेगळी नंबरपद्धतही सुचवली गेली. पण दुकानात मिळणारे बरेचसे बूट अजून परदेशी कलबुतावर बेतलेले असतात. (कलबूत म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट ओढून शिवतात तो.) मग आपण काय करतो? करंगळीशी आवळतं म्हणून एक नंबर मोठा घेतो. रुंदी मिळते, पण टाच मागे खेळायला लागते. ती खेळू नये म्हणून नाडी करकचून बांधतो आणि पायाचा वरचा भाग बधिर होतो. हे टाळायचं असेल तर नंबर नाही, मॉडेल बदलून बघा. काही कंपन्या रुंद पंज्याचे बूट वेगळे काढतात आणि काहींचा साधा बूटच पुढे ऐसपैस असतो. पुढून पसरट आणि टाचेला घट्ट असा बूट हुडकायचा. बायकांच्या बुटांत पर्याय कमी असतात आणि ते बहुधा अरुंद असतात. पंजा रुंद असेल तर खुशाल पुरुषांच्या विभागात बघा. बुटाच्या खोक्यावर काय लिहिलंय हे पायाला वाचता येत नाही.

दुसरी पायरी: कुठे चालणार ते ठरवा

यावर फार वेळ घालवू नका. बर्फातल्या हिमालयी ट्रेकला लागणारा जाडजूड, घोट्याच्या वरपर्यंतचा चामडी बूट सह्याद्रीत बहुतेकदा ओझं होतो. वीस किलोमीटर म्हणजे धरून चाला सव्वीस हजार पावलं, म्हणजे एकेका पायाची तेरा हजार. बूट दोनशे ग्रॅमने जड असेल तर संध्याकाळपर्यंत त्या एका पायाने अडीच टनांच्या वर जादा वजन उचललेलं असतं. नवख्याला माझा सल्ला: हलका, चांगल्या तळव्याचा, घोट्याखालचा किंवा जेमतेम घोट्यापर्यंतचा बूट. उंच बुटाने पाय मुरगळतच नाही, असं नाही. ज्याचा घोटा आधी दुखावलेला आहे त्याला उंच बुटाने थोडा धीर येतो आणि खडेही कमी जातात. एवढं पुरे वाटत असेल तर उंच घ्या.

तळवा मात्र नीट बघा. आपल्या वाटांवर एका दिवसात तीन प्रकारची जमीन भेटते. कातळटप्प्यावर मऊ, चिकटणारं रबर लागतं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, खोल आणि विरळ खाचा लागतात. चिखलात त्या खाचांमधून माती गळून पडावी लागते, नाहीतर प्रत्येक बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो. जिममध्ये धावायच्या बुटांच्या गुळगुळीत तळव्याला यातलं काहीच जमत नाही. खाचांचा तळवा आला त्यामागे एक दुर्घटना आहे. १९३५ साली इटलीतले गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार आल्प्समध्ये वादळात सापडून दगावले. कातळ चढण्यासाठी घातलेले त्यांचे हलके बूट बर्फात निकामी ठरले होते. कातळ आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा रबरी तळवा ब्रामानींनी १९३७ मध्ये काढला, तोच व्हिब्रम. आज कुठल्याही ट्रेकिंग बुटाखाली दिसणारी नक्षी त्याच घराण्यातली आहे. अर्थात पावसाळ्यात शेवाळलेल्या हिरव्या कातळावर कुठलाच तळवा धरत नाही. तिथे बुटावर भरवसा ठेवायचा नाही, पाऊल जपून टाकायचं.

बूट हातात घेऊन दोन गोष्टी करून बघा. टोक आणि टाच धरून वाकवा. बोटं जिथे दुमडतात तिथे तो वाकायला हवा, मधोमध कमरेतून मोडता कामा नये. मग ओला टॉवेल पिळतात तसा पिळा. सहज पिळला गेला तर दगडधोंड्यांत पाय दमणार.

आणि वॉटरप्रूफचा मोह. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज ज्या वाटेने सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, त्या पन्हाळा-विशाळगड वाटेवर दर जुलैत हजारो लोक चालतात. मसाई पठारावर आडवा पाऊस, खाली भाताची खाचरं, मधले ओढे आणि करपेवाडीपर्यंत लाल चिखल. अशा ठिकाणी पाणी बुटाच्या कापडातून येत नाही, वरच्या तोंडातून येतं. आणि वॉटरप्रूफ बुटात एकदा शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. दोन पायांत दोन तांबे भरून घेऊन चालल्यासारखं होतं. पावसाळी सह्याद्रीसाठी जाळीचा, पाणी शिरलं तरी चार पावलांत ओकणारा बूट बरा. वॉटरप्रूफ हिमालयासाठी, कोरड्या थंडीसाठी राखून ठेवा.

तिसरी पायरी: दुकानात लाज सोडा

संध्याकाळी जा, आणि गर्दीच्या रविवारी जाऊ नका. स्वतःचे मोजे न्या. वेगळा इनसोल वापरणार असाल तर तोही न्या. मी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सहा-सात किलोचं वजनही नेतो. विक्रेते हसतात. हसू द्या, नखं आपली असतात.

पहिल्यांदा बुटातला इनसोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. करंगळी किंवा पंज्याची कड बाहेर सांडत असेल तर तो बूट घालूनही बघू नका. लांब बोटाच्या पुढे बोटभर इनसोल रिकामा दिसायला हवा.

मग नाडी न बांधता पाय आत घाला आणि बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवा. टाचेमागे हाताचं एक बोट आरामात जायला हवं. जात नसेल तर बूट आखूड, दोन बोटं जात असतील तर लांब.

आता पाय मागे घेऊन टाच जमिनीवर ठोका म्हणजे ती खोबणीत बसेल, आणि नाडी बांधा. आत बोटं हलवून बघा. पेटी वाजवता आली पाहिजे, सगळ्या पट्ट्या. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल तर रुंदी कमी आहे.

यानंतरची परीक्षा खरी. उतार शोधा. काही मोठ्या दुकानांत त्यासाठी लाकडी उतार केलेला असतो, नसला तर जिना आहेच. सॅक घेऊन भराभर उतरा आणि प्रत्येक पायरीवर थोडं आपटून पाऊल टाका. बोटं पुढे टेकली तर बूट परत. थोडीशी टेकली, असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका. जिन्यात थोडं टेकणारं बोट हजार मीटरच्या उतारावर काळंनिळं होतं. मग चढा आणि टाचेकडे लक्ष द्या. नव्या, कडक बुटात टाच किंचित उचलली जाणं चालतं, पण सपकन वर येऊन खाली बसत असेल तर तिथे फोड ठरलेला.

पंधरा-वीस मिनिटं बूट पायात राहू द्या. दुखणं लगेच कळत नाही. विक्रेता एक वाक्य हमखास म्हणतो, "वापरून सैल होईल, साहेब." चामडं रुंदीत थोडं सैल होतं, हे खरं. कृत्रिम कापडाचा बूट फारच कमी सैल होतो. आणि लांबीत कुठलाच बूट वाढत नाही.

ऑनलाइनच घ्यायचे असतील तर परत करायची सोय बघून शेजारशेजारचे दोन नंबर मागवा, घरातल्या स्वच्छ फरशीवर याच सगळ्या परीक्षा घ्या आणि एक जोड परत पाठवा.

चौथी पायरी: मोजे आणि नाडी

सुती मोजे नकोत. सुत घाम पितं, ओलं राहतं आणि त्याच्या चुण्या पायाला घासतात. लोकर मिसळलेले किंवा कृत्रिम धाग्याचे, टाचेचा आकार असलेले मोजे घ्या. ज्यांना वारंवार फोड येतात त्यांनी आत पातळ आणि बाहेर जाड असे दोन मोजे घालून बघावेत. घासाघीस मोज्या-मोज्यांत होते, कातडीशी नाही. त्यासाठी बुटात जागा हवी, म्हणून खरेदीला जाताना दोन्ही मोजे सोबत हवेत.

नाडी दिवसभर एकसारखी बांधून चालत नाही. चढताना वरचा भाग जरा सैल ठेवा, घोटा वाकायला मोकळा हवा. उतार सुरू होण्याआधी मात्र थांबा, खाली बसा, टाच मागे ठोकून बसवा आणि टाच बांधून टाका. ते असं: बुटाला वरती दोन्ही बाजूंना एकमेकांच्या अगदी जवळ दोन-दोन भोकं असतात. शेवटच्या आधीच्या भोकातून आलेली नाडी पलीकडे न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घाला, म्हणजे बाहेर छोटं वेटोळं तयार होतं. दोन्ही बाजूंना असं झालं की उजवी नाडी डाव्या वेटोळ्यातून आणि डावी उजव्यातून ओवून मागच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर अडकते, पाय पुढे सरकत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या त्या तोरण्याच्या उतारावर याने निम्मं दुखणं नक्की वाचलं असतं. पायाच्या वरच्या हाडावर नाडी टोचत असेल तर नेमक्या तेवढ्या जागेची फुली गाळून नाडी सरळ वर न्या.

पाचवी पायरी: रुळवा

पहिले चार दिवस घरात आणि वाण्याकडे जायला. पटत नाहीत असं वाटलं तर याच काळात बदलून घेता येतात. मग पुण्यात असाल तर तळजाई-पर्वती, मुंबईत असाल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी, नाशकात असाल तर पांडवलेणी. नंतर पूर्ण वजनाची सॅक घेऊन एखादा दिवसाचा गड. मी तीस-चाळीस किलोमीटर झाल्याशिवाय नवे बूट मुक्कामी ट्रेकला नेत नाही. पावसाळी ट्रेक असेल तर त्यातली एक चाल बूट मुद्दाम ओले करून करतो, कारण ओला बूट वेगळ्याच जागी लागतो.

हे फक्त डोंगरापुरतं नाही. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा एकच टप्पा चालायला येणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते. तीसेक किलोमीटर आणि मध्ये दिवेघाट. आदल्या दिवशी घेतलेले कोरे बूट घालून आलेले कितीतरी जण घाटाच्या अलीकडेच बूट हातात घेऊन चालताना दिसतात, आणि शेजारून सत्तरीची आजी साध्या चपलेत अभंग म्हणत पुढे निघून जाते. तिची चपल आणि तिचा पाय यांची ओळख जुनी असते.

वाटेवर

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. वाटेत पायात कुठेही चुरचुरलं, गरम लागलं, तर तिथेच थांबा. "पुढच्या पाण्यावर बघू" म्हणणाऱ्याला पुढच्या पाण्यावर फोड आलेला असतो. बूट काढा, खडा झटका, जागा कोरडी करा आणि औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा. फोड आलाच आणि चालणं भागच असेल तर कडेला निर्जंतुक सुईने भोक पाडून पाणी काढा, पण वरची कातडी काढू नका. ती आतल्या जखमेचं झाकण असते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर मात्र फोड आल्याचं कळतच नाही. अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि ट्रेकवर दर विश्रांतीला पाय डोळ्यांनी तपासावेत.

मुक्कामाला पोचल्याबरोबर बूट काढा. दिवसभर भिजून पांढरा, सुरकुतलेला पाय पुसून वाळवा, झोपताना थोडं व्हॅसलिन किंवा खोबरेल चोळा आणि कोरडे मोजे घाला. कोरड्या मोज्यांचा हा एक जोड सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि तो चालताना कधीच घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. सोबत हलक्या सपाता ठेवा.

परत आल्यावर

चिखल धुऊन, इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट सावलीत वाळवा. चुलीशेजारी किंवा कडक उन्हात ठेवले की चिकटवलेला तळवा सुटायला लागतो.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच बुटांच्या तळव्यातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि तो हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो. वापरला नाही तरी कुजतो, किंबहुना कपाटात पडून राहिलेल्या बुटात हे हमखास दिसतं. "चार वर्षांपूर्वी घेतलेत, एकदाच घातलेत, नव्यासारखे आहेत" असं सांगणाऱ्या मित्राचा अख्खा तळवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर गळून पडलेला मी पाहिलाय. मोसम सुरू होण्याआधी जुने बूट बाहेर काढा आणि त्या मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबा. भुगा निघाला, बारीक भेगा दिसल्या किंवा तो चिकट लागला तर ते बूट न्यायचे नाहीत. आणि बूट नवे असोत की जुने, दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या. मित्राचा तळवा आम्ही बुटाला तसल्याच दोरीने बांधला होता. गडाच्या पायथ्याच्या पाचनईपर्यंत ती तीनदा तुटली.